विषय सोडा, रचना धरा : दोन युक्तिवादांची तुलना करणारे प्रश्न कसे सोडवावेत

कायदा आणि व्यवस्थापन या शाखांच्या प्रवेशपरीक्षांमध्ये तर्कक्षमतेचे जे प्रश्न विचारले जातात, त्यांतील बहुतेकांत एकच युक्तिवाद पुढे ठेवून त्यामागचे गृहीतक, त्यातील उणीव किंवा त्याला बळ देणारे विधान ओळखायला सांगितलेले असते. काही प्रश्नांत मात्र एका युक्तिवादाला दुसऱ्या युक्तिवादाशेजारी ठेवून पाहावे लागते, आणि एरवी चांगले गुण मिळवणारे विद्यार्थीही नेमके तिथे अडखळतात. अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या एलसॅट परीक्षेत असे प्रश्न नेमाने असतात. ऑगस्ट २०२४ पासून त्या परीक्षेतील तर्ककोड्यांचा विभाग बंद झाला आणि गुण धरले जाणारे तर्कयुक्तीचे विभाग एकाऐवजी दोन झाले, त्यामुळे या प्रश्नांचे महत्त्व आता वाढले आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश ज्या परीक्षेवर होतात त्या क्लॅटच्या अभ्यासक्रमातही, दोन विचारांतील साम्य, विसंगती आणि समतुल्यता ओळखणे हे कौशल्य स्पष्टपणे नमूद केलेले आहे. व्यवस्थापन शाखेच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेत हा प्रकार क्वचित आढळतो, परंतु त्या परीक्षेतील इतर प्रश्नांनाही इथली बरीचशी पद्धत लागू पडते.

असे प्रश्न मुख्यतः दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत एक युक्तिवाद दिलेला असतो आणि पर्यायांपैकी कोणत्या युक्तिवादाची रचना त्याच्यासारखी आहे, असे विचारलेले असते. दुसऱ्या जातीत दोन व्यक्तींचे संभाषण असते, आणि त्यांचे नेमके कशावर दुमत आहे, कशावर एकमत आहे, किंवा दुसरीने पहिलीला कोणत्या रीतीने उत्तर दिले आहे, हे सांगायचे असते. दोन्ही जातींत तुलना असली तरी तुलनेचे माप वेगळे आहे. पहिल्या जातीत आशयाकडे दुर्लक्ष करून केवळ रचना पाहायची असते, तर दुसऱ्या जातीत आशयाच्या एका अगदी अरुंद पट्ट्यावर लक्ष केंद्रित करायचे असते. हा फरक ध्यानात न घेता दोन्हींसाठी एकच युक्ती वापरणे हे चुकांचे फार मोठे कारण आहे.

समान रचना शोधताना

एक उदाहरण सविस्तर पाहू. मूळ युक्तिवाद असा आहे :

ज्यांनी पाणीपट्टी मुदतीत भरली, त्या प्रत्येकाला सवलत मिळाली आहे. जोशींना सवलत मिळालेली नाही. म्हणून जोशींनी पाणीपट्टी मुदतीत भरलेली नाही.

पुढीलपैकी कोणत्या युक्तिवादाची रचना याच्याशी सर्वांत जास्त जुळते?

(अ) ज्यांनी मालमत्ता कर मुदतीत भरला, त्या प्रत्येकाला सवलत मिळाली आहे. कुलकर्णींनी मालमत्ता कर मुदतीत भरलेला नाही. म्हणून कुलकर्णींना सवलत मिळालेली नाही.

(ब) या वाचनालयातील प्रत्येक संदर्भग्रंथावर लाल पट्टी असते. या पुस्तकावर लाल पट्टी आहे. म्हणून हे पुस्तक संदर्भग्रंथ आहे.

(क) ही हातमागावरची अस्सल पैठणी नव्हे. कारण अशा पैठणीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, आणि या साडीचा काठ उलट बाजूला वेगळा दिसतो.

(ड) या पेटीतील बहुतेक आंबे पिकलेले आहेत. हा आंबा पिकलेला नाही. म्हणून हा आंबा बहुधा या पेटीतला नाही.

(इ) पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाला राज्यात एसटीने मोफत प्रवास करता येतो. आजींचे वय ८१ वर्षे आहे. म्हणून आजींना एसटीने मोफत प्रवास करता येतो.

पर्याय वाचण्यापूर्वी मूळ युक्तिवादाची रचना आपल्या शब्दांत मांडून घ्यावी, आणि ती मांडताना विषयाचा एकही शब्द शिल्लक ठेवू नये. इथे ती अशी होईल : ‘जो जो क आहे तो तो ख आहे, ही व्यक्ती ख नाही, म्हणून ती क नाही.’ कच्च्या कामाच्या कागदावर हे लिहायला दहा-बारा सेकंद लागतात, आणि पुढे पाच पर्याय वाचताना प्रत्येक वेळी मूळ मजकुराकडे परतण्याचा जो वेळ वाया जातो तो सगळा वाचतो. अक्षरे वापरायची नसतील त्यांनी ‘नियम सांगितला, नियमाचा परिणाम दिसला नाही, म्हणून नियमाची अट पूर्ण झाली नसल्याचे ठरवले’ अशा वाक्यात रचना सांगितली तरी चालेल. माझ्या मते दीर्घ आणि गुंतागुंतीच्या युक्तिवादांसाठी असे वाक्यच अधिक उपयोगी पडते, कारण अक्षरांची संख्या चार-पाचांवर गेली की ती अक्षरेच लक्षात ठेवण्याचे ओझे होऊन बसते.

त्यानंतर पर्यायांकडे वळावे, आणि तुलना निष्कर्षापासून सुरू करावी. युक्तिवादातील निष्कर्ष हा सामान्यतः एकाच वाक्याचा असतो, तो चटकन सापडतो, आणि त्याची जात जुळली नाही तर बाकीचा पर्याय वाचण्याची गरजच उरत नाही. निष्कर्षाची जात पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. निष्कर्ष एखाद्या विशिष्ट व्यक्तीविषयी किंवा वस्तूविषयी आहे की संपूर्ण गटाविषयी, तो किती ठाम आहे, आणि तो काय आहे ते सांगतो की काय करावे ते सांगतो. मूळ निष्कर्ष विशिष्ट व्यक्तीविषयीचा, ठाम आणि वस्तुस्थिती सांगणारा आहे. (ड) या पर्यायात ‘बहुधा’ आल्याबरोबर त्याचा ठामपणा गेला, म्हणून तो वगळता येतो. त्यातील ‘बहुतेक’ हा शब्दही मूळ आधारविधानातील, म्हणजे निष्कर्षाला आधार देणाऱ्या विधानातील, ‘प्रत्येक’ या शब्दाशी जुळत नाही. परंतु निष्कर्ष आधी पाहण्याची सवय असेल तर तिथपर्यंत जावेही लागत नाही. एखाद्या मूळ युक्तिवादाचा शेवट ‘म्हणून महापालिकेने हा पूल बंद करावा’ असा होत असेल आणि पर्यायाचा शेवट ‘म्हणून हा पूल धोकादायक आहे’ असा होत असेल, तर तोही पर्याय याच कारणाने बाद ठरतो, कारण पहिला सल्ला आहे आणि दुसरे वर्णन आहे.

इथे एक सावधगिरी हवी. निष्कर्ष होकारार्थी आहे की नकारार्थी, एवढ्यावरून पर्याय बाद करण्याचा मोह अनेकांना होतो आणि काही शिकवणीवर्गांत तसे शिकवलेही जाते, पण हा निकष भरवशाचा नाही. ‘सवलत मिळाली नाही’ आणि ‘पूर्ण रक्कम भरावी लागली’ ही एकाच गोष्टीची दोन रूपे असू शकतात, आणि प्रश्नकर्ता नेमके असेच रूपांतर करून योग्य पर्याय झाकून ठेवतो. पाहायचे असते ते हे, की नियमातील ज्या अंगाबद्दल आधारविधान बोलते त्या अंगाला ते दुजोरा देते की ते नाकारते. व्याकरणातील ‘नाही’ आणि तर्कातील नकार नेहमी एकत्र फिरत नाहीत.

निष्कर्षाने काम भागले नाही, तर पुढची कसोटी युक्तिवादाच्या सिद्धतेची. मूळ युक्तिवादात आधारविधाने खरी मानली तर निष्कर्ष अटळ आहे, म्हणून जुळणारा पर्यायही तसाच निर्दोष असला पाहिजे. (अ) आणि (ब) हे दोन्ही इथे गळतात. मुदतीत भरणाऱ्या प्रत्येकाला सवलत मिळाली, एवढ्यावरून मुदत चुकवणाऱ्याला ती मिळालीच नाही असे ठरत नाही. त्याला दुसऱ्या एखाद्या योजनेतून ती मिळालेली असू शकते. तसेच प्रत्येक संदर्भग्रंथावर लाल पट्टी असते म्हणून लाल पट्टी असलेले प्रत्येक पुस्तक संदर्भग्रंथ ठरत नाही. या दुसऱ्या चुकीची ओळख आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, फार जुन्या काळापासून करून दिलेली आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान योग्य, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती, म्हणजे हा अटळ संबंध, पक्का आहे. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान चुकीचे, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघायला अग्नीबरोबर ओले इंधनही लागते, आणि ही जास्तीची अट नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, ‘उपाधी’ म्हणून वेगळी दाखवतात. परीक्षेतील जर-तर स्वरूपाच्या प्रत्येक विधानापाशी ‘हा नियम उलट दिशेने चालतो का, आणि चालण्यासाठी आणखी काय लागेल’ असे स्वतःला विचारले, तर अर्ध्याहून अधिक सापळे टळतात.

आता (क) आणि (इ) उरतात, आणि दोन्ही निर्दोष आहेत. सिद्धता जुळली म्हणजे रचना जुळली, असा समज करून घेणारा परीक्षार्थी इथे फसतो. (इ) या पर्यायात नियमाची अट पूर्ण झाली आहे आणि त्यावरून परिणाम काढला आहे. मूळ युक्तिवादात परिणाम नाकारून अट नाकारली आहे. प्रवास उलट दिशेचा असल्यामुळे (इ) चालत नाही. (क) मध्ये निष्कर्ष सुरुवातीला आला आहे, विषय करांऐवजी वस्त्राचा आहे, ‘प्रत्येक’ हा शब्द उघडपणे आलेला नाही आणि ‘सारखा दिसत नाही’ऐवजी ‘वेगळा दिसतो’ असे म्हटले आहे. तरीही अस्सल पैठणी असेल तर काठ दोन्ही बाजूंनी सारखा, हा काठ तसा नाही, म्हणून ही अस्सल पैठणी नाही, ही घडण मूळ युक्तिवादाशी तंतोतंत जुळते. उत्तर (क).

या एका प्रश्नातून हेही दिसते की वाक्यांचा क्रम तुलनेत मोजायचा नसतो. निष्कर्ष आधी येवो वा शेवटी, आधारविधाने कोणत्याही क्रमाने येवोत, रचना तीच राहते. विधाने प्रत्यक्षात खरी आहेत की खोटी, हेही मोजायचे नसते. ‘प्रत्येक मासा झाडावर राहतो’ असे विधान असले तरी त्यावर उभारलेला युक्तिवाद रचनेच्या दृष्टीने निर्दोष असू शकतो. आणि विषयाचे साम्य तर संशयास्पदच मानावे. (अ) या पर्यायात मुदत आणि सवलत हे शब्द मूळ मजकुरातून उचललेले आहेत, ते उगाच नाही. विषय जुळला म्हणून पर्याय चुकीचा ठरतो असे मात्र नाही. तो केवळ आपोआप बरोबर ठरत नाही, आणि घाईत वाचणाऱ्याला तो बरोबर वाटावा अशी योजना असते.

मूळ युक्तिवादात नियम एकाऐवजी दोन असले, तर त्यांची साखळी होते की ते स्वतंत्रपणे निष्कर्षाला आधार देतात, हे आधी ठरवावे. ‘पाऊस लांबला तर पेरणी लांबते, पेरणी लांबली तर उत्पादन घटते’ ही साखळी आहे. ‘जमीन हलकी आहे आणि शिवाय पाणीही कमी आहे, म्हणून ऊस लावू नये’ यात दोन वेगळे आधार आहेत. पर्यायातील आधारांची संख्या जुळूनही त्यांची जोडणी वेगळी असू शकते.

सदोष युक्तिवादाला जोडीदार शोधताना

कधीकधी प्रश्नातच सांगितलेले असते की मूळ युक्तिवाद सदोष आहे आणि तोच दोष असलेला पर्याय निवडायचा आहे. असे सांगितलेले असणे ही मोठी सोय आहे, कारण निर्दोष असलेला प्रत्येक पर्याय लगेच बाजूला काढता येतो. परंतु दोष दोन तऱ्हांचे असतात. वरच्या (अ) आणि (ब) मधला दोष पूर्णपणे रचनेत आहे. त्यात कोणताही विषय घाला, दोष राहतोच. दुसऱ्या तऱ्हेचा दोष रचना आणि आशय यांच्या मेळातून निर्माण होतो, आणि तिथे केवळ अक्षरे मांडून भागत नाही. क्लॅटच्या धर्तीवर चार पर्यायांचा एक प्रश्न घेऊ.

मूळ युक्तिवाद : या दिवाळी अंकातील प्रत्येक लेख लहान आहे. तेव्हा हा दिवाळी अंक लहानच असणार.

(अ) हा दिवाळी अंक जाडजूड आहे. तेव्हा यातील प्रत्येक लेख मोठा असणार.

(ब) या भिंतीतील प्रत्येक वीट मातीची आहे आणि भिंतीत विटांखेरीज काहीही नाही. तेव्हा ही भिंत मातीची असणार.

(क) या नाटकातील प्रत्येक नटाचे मानधन कमी आहे. तेव्हा नटांच्या मानधनावरचा या नाटकाचा एकूण खर्च कमीच असणार.

(ड) या दिवाळी अंकातील पहिले तीन लेख लहान आहेत. तेव्हा उरलेले लेखही लहानच असणार.

मूळ दोष असा, की प्रत्येक घटकाच्या अंगी असलेला गुण संपूर्ण समूहाच्याही अंगी असतो असे धरले आहे. शंभर लहान लेखांचा अंक चांगला जाड होऊ शकतो. (अ) मध्ये समूहावरून घटकांकडे उडी आहे, म्हणजे दिशा उलटी. (ड) मध्ये थोड्या नमुन्यांवरून बाकीच्यांविषयी अंदाज बांधला आहे. तो वेगळा दोष आहे, आणि विषय जुळत असल्यामुळे तो पर्याय अधिक आकर्षक वाटतो. खरी कसोटी (ब) आणि (क) यांच्यात लागते. घटकांकडून समूहाकडे जाण्याची वाट दोन्हींत सारखीच आहे, तरीही (ब) मध्ये दोष नाही, कारण ‘मातीचे असणे’ हा गुण सर्व घटकांत असला आणि दुसरे काही नसले तर समूहात उतरतोच. ‘लहान’, ‘स्वस्त’, ‘हलका’, ‘कमी’ हे गुण मात्र बेरजेने बदलतात. म्हणून (क). नट पुष्कळ असतील तर थोड्या-थोड्या मानधनाचीही रक्कम मोठी होते.

इथून घेण्यासारखा धडा असा, की सदोष युक्तिवादाचा जोडीदार शोधताना रचनेबरोबरच दोषाचे कारणही एका वाक्यात लिहून ठेवावे. ‘भागावरून संपूर्णाकडे गेले’ हे वर्णन अपुरे आहे. ‘भागांची संख्या विचारात न घेता, बेरजेने बदलणारा गुण संपूर्णाला लावला’ हे पुरेसे आहे. कार्यकारणाच्या दोषांतही हीच काळजी घ्यावी लागते. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणून पहिली कारण मानणे, दोन गोष्टी एकत्र आढळतात म्हणून एकीला कारण मानणे, आणि कारणाला कार्य व कार्याला कारण समजणे, हे तिन्ही दोष घाईत ‘कारण चुकले’ या एकाच नावाखाली जमा होतात. पर्यायांमध्ये मात्र तिन्ही वेगवेगळे ठेवलेले असतात आणि त्यांपैकी एकच मूळ दोषाशी जुळतो.

दोन वक्ते समोरासमोर

दुसऱ्या जातीच्या प्रश्नांत सांगाड्यापेक्षा प्रत्येकाने प्रत्यक्ष काय म्हटले आहे याला महत्त्व असते. पुढील संभाषण पाहा.

अनघा : कृत्रिम तलावांमुळे नदीतील मूर्तिविसर्जन कमी झाले आहे, हे मान्य. परंतु प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती या तलावांत विरघळत नाहीत आणि त्यांचे अवशेष शेवटी कुठेतरी नेऊन टाकावे लागतात. म्हणून अशा मूर्ती बनवण्यावरच निर्बंध आणल्याशिवाय प्रदूषणाचा प्रश्न सुटणार नाही.

विनय : प्लास्टरच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवता येतात आणि त्यातून खत म्हणून वापरता येणारे अमोनियम सल्फेट मिळते. महापालिकांनी ही पद्धत सर्वत्र राबवली, तर मूर्तिकारांच्या पोटावर पाय न आणताही प्रदूषणाचा प्रश्न सुटेल.

(विनयने उल्लेख केलेली पद्धत काल्पनिक नाही, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ती विकसित केली आणि पुणे महापालिकेने ती वापरातही आणली. तथापि परीक्षेत अशी बाहेरची माहिती उत्तराच्या कामी आणायची नसते.)

अनघा आणि विनय यांचे दुमत पुढीलपैकी कशावर आहे?

(अ) कृत्रिम तलावांमुळे नदीतील विसर्जन कमी झाले आहे का.

(ब) मूर्तींवर निर्बंध आणल्यास मूर्तिकारांच्या उत्पन्नावर परिणाम होईल का.

(क) प्लास्टरच्या मूर्ती बनवण्यावर निर्बंध न आणता प्रदूषणाचा प्रश्न सुटू शकतो का.

(ड) विरघळवलेल्या मूर्तींतून मिळणारे खत शेतीला उपयोगी आहे का.

(इ) प्लास्टरच्या मूर्ती बनवण्यावर निर्बंध आणले, तर प्रदूषणाचा प्रश्न निश्चितपणे सुटेल का.

प्रत्येक पर्यायाला दोनच प्रश्न विचारावेत. यावर पहिल्या वक्त्याचे मत मजकुरातून कळते का, आणि दुसऱ्याचे कळते का? दोन्हींची उत्तरे ‘होय’ आली आणि मते परस्परविरोधी निघाली, तरच तो मतभेदाचा मुद्दा. एकानेही त्याविषयी मौन पाळले असेल तर पर्याय तिथेच संपतो, मग तो कितीही समंजस वाटो. मौनाला संमती समजण्याची आपली व्यवहारातील सवय इथे बाजूला ठेवावी लागते, आणि मौनाला विरोध समजण्याची सवय तर त्याहूनही.

(अ) वर अनघाचे मत स्पष्ट आहे, विनय काहीच बोललेला नाही. (ब) वर विनयचे मत सूचित आहे, पण अनघाने मूर्तिकारांचा विषयच काढलेला नाही. (ड) वर फक्त विनय बोलतो. (इ) हा या प्रश्नातील सर्वांत कसबी सापळा आहे. निर्बंधांशिवाय प्रश्न सुटणार नाही, एवढेच अनघा म्हणते. म्हणजे निर्बंध आवश्यक आहेत. ते आणले की प्रश्न सुटेलच, म्हणजे निर्बंध पुरेसे आहेत, असे तिने कुठेही म्हटलेले नाही. विनयही निर्बंध आणल्यावर काय होईल याविषयी काही सांगत नाही. त्यामुळे (इ) वर दोघांचेही मत कळत नाही. (क) वर अनघाचे उत्तर ‘नाही’ आणि विनयचे ‘होय’ असे निश्चितपणे देता येते.

याच संभाषणावर वेगळाही प्रश्न विचारता आला असता, की विनयने अनघाच्या युक्तिवादाला कोणत्या रीतीने उत्तर दिले आहे. अशा प्रश्नाचे पर्याय अमूर्त भाषेत असतात आणि म्हणून जड वाटतात : ‘पुराव्याची सत्यता नाकारली’, ‘तोच पुरावा वेगळ्या निष्कर्षाकडे नेतो असे दाखवले’, ‘विचारात न घेतलेला पर्यायी उपाय पुढे आणला’, ‘हाच तर्क अन्यत्र लावल्यास विपरीत निष्पत्ती होते असे दाखवले’, ‘विरोधकाच्या हेतूवर शंका घेतली’. अमूर्त वर्णन वाचताना त्यातील प्रत्येक नामासाठी संभाषणातील नेमका मजकूर बोट ठेवून दाखवता येतो का, हे पाहावे. ‘पुराव्याची सत्यता नाकारली’ म्हणायचे, तर अनघाचा कोणता पुरावा विनयने नाकारला? साध्या तलावात मूर्ती विरघळत नाहीत हे त्याने नाकारलेले नाही. वेगळ्या द्रावणात त्या विरघळतात एवढेच तो सांगतो. तेव्हा हे वर्णन लागू होत नाही. ‘विचारात न घेतलेला पर्यायी उपाय पुढे आणला’ यातील ‘उपाय’ दाखवता येतो, तो अनघाने विचारात घेतलेला नव्हता हेही दाखवता येते. बोट ठेवता येत नाही असा एक जरी शब्द वर्णनात असला, तरी पूर्ण पर्याय सोडून द्यावा.

एकमताचा मुद्दा विचारला असेल तर कसोटी तीच, फक्त दोन्ही मते एका बाजूला पडली पाहिजेत. इथे अनघा आणि विनय या दोघांनाही प्लास्टरच्या मूर्तींपासून होणारे प्रदूषण हा सोडवण्याजोगा प्रश्न वाटतो, असे म्हणता येते. वक्ते भांडत असताना एकमत कशाला शोधायचे असे वाटून हे प्रश्न अनेकदा उलटे वाचले जातात. म्हणून प्रश्नवाक्यातील ‘दुमत’ किंवा ‘एकमत’ हा शब्द अधोरेखित करण्याची सवय ठेवावी, कारण एकमताच्या प्रश्नात मतभेदाचा मुद्दा हा पर्याय म्हणून हमखास दिलेला असतो.

बँकांच्या परीक्षांत विधान देऊन त्याखाली दोन युक्तिवाद ठेवतात आणि कोणता सबळ, कोणता दुर्बल असे विचारतात, तो प्रकार वरवर याच जातीचा वाटतो. प्रत्यक्षात तिथे दोघांची आपसांत तुलना नसतेच. प्रत्येक युक्तिवाद मूळ विधानाशी स्वतंत्रपणे ताडून पाहायचा असतो, आणि दोन्ही सबळ किंवा दोन्ही दुर्बल निघू शकतात. इथली पद्धत तिथे वापरू नये.

वेळ आणि सराव

एलसॅटच्या एका विभागाला ३५ मिनिटे असतात आणि त्यात साधारण २५ प्रश्न असतात, म्हणजे सरासरी दीड मिनिटाहूनही कमी वेळ एका प्रश्नाला मिळतो. समान रचनेच्या प्रश्नात मूळ धरून सहा युक्तिवाद वाचायचे असल्याने तो या सरासरीत बसत नाही. त्याला दोन ते अडीच मिनिटे लागतात आणि ती लागू द्यावीत. हे प्रश्न पहिल्या फेरीत खूण करून सोडून द्यावेत आणि इतर प्रश्न झाल्यावर त्यांच्याकडे परतावे, असे माझे मत आहे, कारण त्यांना मिळणारा गुण इतर कोणत्याही प्रश्नाएवढाच असतो. क्लॅट कागदावर होते आणि तिथे १२० प्रश्नांना दोन तास असतात, त्यामुळे प्रश्न मागे ठेवण्याची मुभा तिथेही आहे; मात्र चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जात असल्याने, दोन पर्यायांपर्यंत पोहोचल्याशिवाय अंदाज लावू नये. जीमॅटमध्ये उत्तर न देता पुढे जाता येत नाही, पण प्रत्येक विभागाच्या शेवटी तीनपर्यंत उत्तरे बदलता येतात. तिथे खूण करून तात्पुरते उत्तर देणे शहाणपणाचे. संभाषणाचे प्रश्न याउलट लहान असतात आणि सरासरी वेळेत सुटतात. ते मागे ठेवण्याचे कारण नाही.

सरावासाठी प्रश्नसंच सोडवत राहण्यापेक्षा एक वेगळी रीत मला अधिक फलदायी वाटते. कोणताही मूळ युक्तिवाद घ्यावा, पर्याय झाकून ठेवावेत आणि त्याच रचनेचा स्वतःचा युक्तिवाद एका अगदी वेगळ्या विषयावर लिहावा : करांविषयीचा असेल तर क्रिकेटवर, औषधांविषयीचा असेल तर स्वयंपाकावर. तो जमला की त्याच रचनेचे तीन बिघडलेले नमुनेही मुद्दाम तयार करावेत. एकात नियमाची दिशा उलटवावी, दुसऱ्यात ‘प्रत्येक’ऐवजी ‘बहुतेक’ घालावे, तिसऱ्यात निष्कर्ष वर्णनाऐवजी सल्ल्याचा करावा. सापळे स्वतः रचले की इतरांनी रचलेले सापळे ओळखायला वेळ लागत नाही. संभाषणाच्या प्रश्नांसाठी वृत्तपत्राच्या संपादकीय पानावरील एखादा लेख आणि त्यावर वाचकांच्या पत्रव्यवहारात आलेले उत्तर शेजारी ठेवावे, आणि पत्रलेखक लेखातील नेमके कोणते वाक्य नाकारतो ते शोधावे. पुष्कळदा असे आढळते की तो लेखकाने न केलेल्याच विधानाला उत्तर देत आहे. असे पत्र सापडले तर ते कापून ठेवावे, कारण ‘दुसऱ्या वक्त्याने पहिल्याच्या म्हणण्याचा विपर्यास केला’ हा पर्याय कधी बरोबर ठरतो, याचा तो उत्तम नमुना असतो.